आण्णांच्या दोरीवरची फडकी

आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घाचा मला पहिल्यापासून धाक, आणि अक्षर म्हणाल तर शेणी थापल्यासारखं. एक लहान, एक मोठी, आणि प्रत्येकीवर बोटं उठलेली. शाळा सुटल्यावर कागदावर मी कधी लिहिलंच नाही. जे काही लिहिलं ते फडक्यांवर, जांभळी पेन्सिल जिभेला लावून. तेव्हा ही वही कुणाच्या हाती पडलीच तर चुका पदरात घ्याव्यात, आणि दोष द्यायचाच झाला तर आमच्या थोरल्या दिरांना द्यावा.

थोरले दीर म्हणजे आण्णा. फडकी त्यांचीच.

आमचं घर गडमुडशिंगीत. घरात माणसं तीनच, आण्णा, आमचे मालक आणि मी. ट्रक दोघा भावांचा. मालक तो चालवत, गूळ घेऊन जात, येताना मिळेल तो माल भरून आणत. आण्णा घरी बसून ट्रकची देखभाल करत. देखभाल म्हणजे काय, ते सांगते. गाडी अंगणात लागली, की मालकांनी चूळ भरायच्या आत आण्णा बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरत. इंजिन ज्या नळीतून हवा ओढतं ती नळी सोडवत. पांढरं फडकं बोटाला गुंडाळत, बोट नळीत घालून गरागरा फिरवत, बाहेर काढत. मग त्या फडक्याचा वास घेत, उन्हात धरत, आणि पोटातून "हंऽऽ" असा आवाज काढून ते सोप्यातल्या दोरीवर टाकत. मी फडक्याच्या कोपऱ्यात गावाचं नाव लिहायचं. बेळगाव. गदग. सुरत.

दुसऱ्यांच्या सोप्यात देवांचे आणि वाडवडिलांचे फोटो असतात. आमच्या सोप्यात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नळी पुसलेली फडकी. पाहुणे आले की आधी वर बघत, मग माझ्याकडे बघत, आणि मला वाटे जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

आण्णांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ही फडकी म्हणजेच त्यांची वही. आणि नावं लिहिणारी मी, म्हणून त्यांच्या लेखी मी मोठी विदुषी. कोल्हापुरात उद्यमनगरात गेले की मिस्त्री लोकांना सांगत, "आमच्या घरात चवथी शिकल्याली माणसं हाईत." ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

बरं, फडकं पांढरंच लागायचं. रंगीत फडक्यावर धूळ खोटं बोलते, असं त्यांचं मत. म्हणून आमच्या घरात पांढरं कापड टिकत नसे. मालकांची धोतरं गेली, माझे परकर गेले, उशांचे अभ्रे गेले. मी शेजारच्या गांधीनगरातून कटपीस आणून लपवून ठेवी, तर तेही तांदळाच्या डब्यातून निघून दोरीवर लागत. एका पाडव्याला मी चक्का टांगला होता. माझा भाऊ आजऱ्याहून पहिल्यांदा जेवायला येणार होता. सकाळी बघते तर चक्का ताटात काढून ठेवलेला आणि फडकं गायब. तासाभरानं फडकं परत आलं, चक्काही परत त्यात बांधलेला. आण्णांनी काम झाल्यावर ते साबण लावून धुतलं होतं म्हणे. भाऊ श्रीखंडाची वाटी तोंडाला लावून थोडा थांबला आणि म्हणाला, "ताई, वेलदोडा जरा वेगळाच वाटतोय."

तो वेलदोडा डिझेलचा होता. मी काय सांगणार!

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. थोरल्या दिरांशी धाकट्या भावजयीनं तोंडावर बोलायचं नाही, असं आमच्याकडे होतं. ज्यांच्या घरात सासू असते तिथं सासू मध्ये असते, पोरं असतात तिथं पोरं. आमच्या घरात ना सासू, ना पोर. तेव्हा आण्णांनी म्हैस मध्ये घातली.

म्हशीचं नाव चंद्री. सोप्याच्या टोकाला, माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारीच ती बांधलेली असे. आण्णा सोप्यातून तिच्याशी बोलत, मी आतून तिच्याशी बोले.

"चंद्रे, चहा झाला असंल तर म्हणावं, वाट बघाय लागलोय."

"चंद्रे, साखर संपलीया म्हणावं. गुळाचा चालंल का?"

"गुळाचा तर गुळाचा. पण गाळून दे म्हणावं. परवा दातात पत्ती आलती."

चंद्री मध्ये उभी राहून रवंथ करी. माझा स्वभाव मुळातच बुजरा. माणसांपुढे माझा आवाज फुटत नाही. खरं सांगायचं तर म्हशीशी बोलणं मला सोयीचंच होतं. पण भांडणसुद्धा तिच्याशीच करायचं म्हणजे फार. "चंद्रे, माझा नवा परकर कुठं गेला म्हणावं!" असं मी ओरडले, की चंद्री माझ्याकडे अशी बघे, की जणू तिनंच नेसलाय.

आण्णांचं ठरलेलं वाक्य एकच. "आधी नाक बघा." गाडी असो, जनावर असो, माणूस असो. म्हणत, "पोट मागनं, पाय मागनं. श्वास नीट आत गेला तर गाडी चालतीया." चंद्रीला बाजारातून आणली तेव्हा बाकीचे कास बघत होते आणि आण्णा बॅटरी लावून तिच्या नाकपुड्यांत बघत होते. मला बघायला आले तेव्हाही तसंच. कुणी मला स्वयंपाकाचं विचारलं, कुणी शिवणाचं. आण्णा कोपऱ्यात बसून होते. निघताना माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगीचं नाक मोकळं हाय. घाट चढंल." माझ्या आईला वाटलं, पाहुण्यांच्यात डोक्यावर परिणाम झालेलं माणूस आहे. तिचं फार चुकलं नव्हतं.

मात्र फडकं त्यांना वाचता येई, हे मान्य केलं पाहिजे. एकदा मालक गदगहून सरकी भरून आले. आण्णांनी नळीत बोट फिरवलं, फडकं उन्हात धरलं आणि हाक मारली, "सदा, आजऱ्याला कशाला गेलतास?"

मालक म्हणाले, "मी कशाला जातोय आजऱ्याला? गदगहून सरळ आलोय."

"गदगची माती तेलात काजळागत दिसती. ही तांबडी हाय. आणि ह्यात काजूच्या टरफलाचा धूर हाय. वास घे."

मालक चूळ भरायला वळले. आजरा माझं माहेर. वाट वाकडी करून सासुरवाडीचं कोंबडं खाऊन आले होते, आणि मला सांगितलंही नव्हतं. मी आतून म्हणाले, "चंद्रे, रस्सा झक्कास झालता का इचार त्यास्नी." त्या दिवशी तेवढं एकदा मला आण्णांचा अभिमान वाटला.

मग टर्बोची गाडी आली, आणि अभिमान उतरला.

जुना ट्रक थकला होता. दोघा भावांनी तो विकला, कर्ज काढलं आणि नवा घेतला. टर्बो तेव्हा नवीनच निघाला होता. टर्बो म्हणजे गोगलगाईच्या आकाराची एक लोखंडी वस्तू. तिच्या पोटात पंखा असतो, आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. गाडी निघाली की बारीक शीळ ऐकू येई. गावातली माणसं शीळ ऐकायला रस्त्यावर येत. आण्णा गाडीभोवती नारळ ओवाळायच्या आधी आत वाकले. "आधी नाक बघू द्या."

नाक बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. आत कागद होता.

जुन्या गाड्यांना हवा गाळायला तेलाची वाटी असे. हवा तेलावरून जाई, धूळ तेलात बसे. ह्या गाडीला कागदाच्या घड्यांचा डबा होता. गाडी द्यायला आलेल्या शर्ट-पँटवाल्यानं समजावून सांगितलं, की हा झटकायचा आणि जुना झाला की बदलायचा, तेल घालायचं नाही.

"कागदानं हवा गाळायची?" आण्णा म्हणाले. "पावणं, आमच्यात चहा गाळाय बी फडकं लागतंय. कागद काय, चिरमुरं बांधाय."

आठ दिवसांत त्यांनी कागदाचा डबा काढून माळ्यावर टाकला, आणि जुन्या ट्रकची जपून ठेवलेली तेलाची वाटी उद्यमनगरातून पट्ट्या मारून नव्या गाडीला बसवून घेतली. मालकांनी एकदा तोंड उघडून बघितलं. "आण्णा, कंपनीनं काय तरी इचार केलाच असंल की."

"कंपनीनं घाट चढलाय व्हय कधी? मी चढलोय."

विषय संपला. त्या वाटीला हात लावायचा मान घरात एकट्या आण्णांचा.

त्या वाटीच्या आत एक खूण असते. तेल तिथपर्यंतच घालायचं. आण्णा दर खेपेआधी वाटी धूत, नवं तेल ओतत, आणि खुणेच्या वर चांगलं दोन बोटं ओतत. मी दारातून बघत असे. चंद्रीला सांगत, "खुणंपतूर तेल घालणं म्हंजे पावण्याला अर्धी भाकरी वाढणं. आपल्यात रस्शाला कट नसला तर माणूस ताटावरनं उठतंय. इंजनानं काय पाप केलंय?"

जुन्या गाडीनं हे लाड सोसले असतील. नवी गाडी दोन महिन्यांत रुसली. मालक म्हणाले, घाटात दम टाकते, धूर निळा येतो. आण्णांनी नळी सोडवून फडकं फिरवलं, तर फडकं चिंब. नुसती धूळ नाही, काळं, चिकट, बोटाला तार धरणारं तेल. टर्बोच्या पंख्यावरही तेच.

आण्णांनी फडकं पिळलं आणि धाकट्या भावाकडे बघितलं.

"टर्बोचं तेल सुटलंय. तापल्या इंजनाची चावी काढतोस तू. त्याला थंड व्हाय दोन मिनिटं देत न्हाईस."

"रोज पाच मिनिटं उभी ठेवतो, आण्णा. शपथ."

"मग हे काय हाय? गुलाबपाणी?"

टर्बो उतरवून उद्यमनगरात रहिमान मिस्त्रींकडे गेला. मिस्त्रींनी आतला दांडा हलवून बघितला आणि सांगितलं, "आण्णा, ह्याला काय झालेलं न्हाई. तुमचा फिल्टर बघा एकदा."

"फिल्टर माझ्या हातचा हाय," आण्णा म्हणाले. म्हणजे आईनं स्वतःच्या हातानं भरवलंय, मग पोराचं पोट कसं बिघडेल, तसं. बळंच टर्बो आतून नवा करून घेतला. खर्च झाला, आणि तो आण्णांनी मालकांच्या वाट्यातून दर महिन्याला कापायला सुरुवात केली. "नुसकान ज्यानं केलं त्यानं सोसावं. मी सोसलो असतो की."

दोन महिन्यांत परत तेच. परत धूर, परत चिंब फडकं, परत टर्बो उद्यमनगरात. मिस्त्रींनी धुऊन, पुसून परत दिला, आणि त्याचेही पैसे मालकांच्या वाट्यातून गेले.

त्या दिवशी मालक अर्ध्या जेवणातून उठले. हात धुऊन म्हणाले, "वारणानगरला दुधाच्या टँकरवर डायव्हर पायजे हाय. राहाय खोली देत्यात. ही खेप झाली की मी गाडीची चावी आण्णाच्या हातात देतोय. तू सामान बांध."

खोटं कशाला लिहू? पहिला विचार मनात आला तो पांढऱ्या कापडाचा. वारणानगरच्या खोलीत माझा परकर माझाच राहील. चक्क्याचं फडकं चक्क्यालाच राहील. मी ट्रंकेत दोन लुगडी घातलीसुद्धा.

मग सोप्यात आण्णांचा आवाज आला. "चंद्रे, उद्याच्याला भाकरी जरा मऊ करा म्हणावं. दाढ दुखतीया."

माझ्या माहेरी चुलत्यांच्या दोन चुली झाल्या, ते मी लहानपणी बघितलं होतं. एका भिंतीच्या ह्या अंगाला एक भाऊ खोकायचा, त्या अंगाला दुसरा. एकमेकांचा खोकला ओळखायचे, पण बोलले नाहीत ते शेवटपर्यंत. आमच्या घरात तर तिकडच्या अंगाला खोकायला एकटे आण्णाच राहणार होते. आणि ते कशावरून? नळीतल्या तेलावरून. माझ्या जिवाचा संताप झाला. आण्णांचा राग आला, मालकांचा आला, त्या गोगलगाईचाही आला.

दुसऱ्या दिवशी दोरीवरची फडकी सारखी करताना मी त्यांच्याकडे नीट बघितलं. नावं मीच लिहिलेली. टर्बो बिघडल्यापासून आण्णा दोन ठिकाणी पुसत, एक फडकं टर्बोच्या अलीकडच्या नळीतलं, एक टर्बोच्या आतलं. शेजारी शेजारी धरून बघितली. अलीकडचं फडकं जास्त तेलकट होतं. दर खेपेला तेच.

मला गाडीतलं काही कळत नाही. पण ओढ्यातलं कळतं. वरच्या अंगाला पाणी गढूळ असेल तर गाळ खालच्या विहिरीतून कसा आला म्हणायचा? हवा वाटीकडून टर्बोकडे जाते. तेल टर्बोचं असतं तर ते वाऱ्याच्या तोंडाशी उलटं कसं चालत गेलं असतं?

आणि मला वाटी आठवली. दर खेपेनंतर आण्णा वाटी उघडत, तेव्हा तेल कमी झालेलं असे. पण किती कमी? बरोबर खुणेपर्यंत. खुणेच्या खाली कधीच नाही. कढई काठोकाठ भरून भजी सोडली की तेल उतू जातं, आणि बेतापर्यंत आलं की आपोआप थांबतं. ते ज्या बाईनं चूल पुसलीय तिला सांगायला लागत नाही. वरचं दोन बोटं तेल इंजिन ओढून घेत होतं, आणि नाव मालकांचं होत होतं.

कळलं, पण सांगायचं कसं? चंद्रीला सांगितलं तर आण्णा म्हणणार, म्हशीला काय कळतंय. मालकांना सांगितलं तर ते भावाला चारचौघांत खिजवणार, आणि भांडण आणखी वाढणार. फडक्यावर लिहिलं तर आण्णा ते वाचून घ्यायला उद्यमनगरात घेऊन जाणार, आणि दहा मिस्त्री मिळून मोठ्यानं वाचणार, "चूक तुमचीच आहे." मेले असते ते. त्यांना हसलेलं सोसत नाही.

मालकांच्या त्या शेवटच्या खेपेचा माल म्हणजे वारणानगरचीच साखर, बेळगावला न्यायची. सकाळी आण्णा वाटी भरून, बंद करून दाढी करायला गेले. मालक आंघोळीला. मी स्वयंपाकघरातून पळी घेतली, डोक्यावर पदर घेतला आणि अंगणात आले. वाटीच्या कड्या कशा उघडतात ते शंभरदा बघितलेलं. तरी वाटत होतं, दुसऱ्याच्या घरी चोरी करतेय. दोन बोटं तेल पळीनं काढून शेणाच्या पाटीत टाकलं. खुणेपर्यंत. कड्या लावल्या. चंद्री माझ्याकडे बघत होती. तिला म्हणाले, "तू काय बघितलं न्हाईस."

गाडी तिसऱ्या दिवशी परतली. मालकांनी चावी खिशातून काढून हातात धरली होती, द्यायची म्हणून. पण आण्णा आधी नळीकडे गेले. फडकं फिरवलं. बाहेर काढलं. बघितलं. परत आत घातलं. दुसरं फडकं घेतलं. तिसरं घेतलं. मग आपल्या अंगातली बंडी काढून ती फिरवली.

"सदा, पुसून आणलीस व्हय रं?"

"मी कशाला पुसू? घाटात मात्र पळाली. जन्मात अशी पळाली न्हवती."

आण्णांनी वाटी उघडली. तेल खुणेवर. धूळ खाली बसलेली. त्यांनी बोट बुडवून बघितलं. मग सोप्यात आले. माझी पळी खिळ्याला लावलेली होती. तिनं परत वरण ढवळता येणार नव्हतं म्हणून मी ती बाहेर टांगली होती, राख लावून लावूनही इंजिन ऑइलचा वास गेला नव्हता. आण्णांनी पळी हुंगली. आणि चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"चंद्रे," हळू म्हणाले, "पळी कुणाची?"

मी आतूनच म्हणाले, "पळी घरचीच हाय म्हणावं."

"किती काढलं?"

"खुणंपतूर."

चंद्रीनं शेपटी हलवली. मालक अंगणातून कधी आण्णांकडे, कधी माझ्या दाराकडे बघत होते. आण्णांनी ते कोरडं फडकं माझ्या दाराच्या चौकटीवर ठेवलं आणि म्हणाले, "चंद्रे, ह्याच्यावर गावाचं नाव लिवाय सांग. आणि सदाला सांग, चावी खिशात ठेव."

क्षमा वगैरे ते कधी मागत नाहीत, त्याही दिवशी मागितली नाही. दुसऱ्या सकाळी माळ्यावर चढले, धडपडत कागदाचा डबा खाली आणला, फुंकर मारून गाडीला बसवला. "कागद तर कागद." आणि महिना संपला तेव्हा देवळीत एक पांढऱ्या कापडाचं गाठोडं दिसलं. मालकांच्या वाट्यातून कापलेले पैसे होते, त्यातला पहिला हिस्सा. दर महिन्याला एक गाठोडं ठेवू लागले. मालक म्हणाले, "राहू दे की, आण्णा." आण्णा म्हणाले, "तू गप." आमची ट्रंक परत उघडली, दोन लुगडी परत दोरीवर आली.

इथं मी सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. सोडलाही. कागदानं काम चोख केलं. गाडी परत शीळ घालू लागली. नळीत फडकं फिरवावं तर कोरं निघे, पहिल्या घडीसारखं. दोन-चार खेपांनंतर आण्णांनी फडकं मागणंच सोडलं. माझ्या घरात पांढरं कापड उरू लागलं. अभ्रे शिवले. चक्का टांगला. कुणी हात लावला नाही.

आणि सोपा मात्र कसातरी दिसू लागला. आण्णा संध्याकाळी एकटे बसत. जुनी फडकी दोरीवरून काढून मांडीवर घेत. एक नाकाशी नेत, ठेवत, दुसरं घेत. मी भाकरी थापता थापता बघत असे. एकदा चंद्रीला सांगत होते, मला नव्हे, खरंच तिलाच. "ही धूळ तवंदीच्या घाटातली बघ. पावसानंतरची. ओल्या धुळीला असा मातीच्या मडक्याचा वास येतोय."

तवंदीचा घाट. आण्णांनी वीस वर्षं ट्रक चालवला, तो त्याच घाटात थांबला. टायर बदलताना जॅक सरकला. डावा पाय वाचला, पण क्लच दाबेना. लग्न करायचं वय रस्त्यावरच गेलं होतं, आणि रस्ता घाटात गेला. हे सगळं मला लग्नाच्या वर्षापासून माहीत होतं. पण त्या संध्याकाळपर्यंत मी ते फडक्यांच्या शेजारी ठेवून बघितलं नव्हतं. कागद त्यांना का नको होता, तेलाची वाटी का हवी होती, दर खेपेला मालकांनी चूळ भरायच्या आत नळीकडे का धाव होती. धाकटा भाऊ बोलायला आळशी. कुठं गेलता म्हटलं की "बेळगाव" म्हणून झोपायचा. आण्णांना सगळा मुलूख त्या नळीतून येत होता. आणि तो मी पळीनं बंद केला होता.

मला असला राग आला म्हणून सांगू! आण्णांचाच. पोटातलं तोंडावर बोलले असते तर माझे सहा परकर वाचले असते.

पुढच्या खेपेनंतर मी मालकांना झोपू दिलं नाही. खोदून खोदून विचारलं. मग नव्या अभ्र्यातलाच एक कोरा तुकडा फाडला, पेन्सिल ओली केली आणि गावाच्या नावावर न थांबता लिहिलं. निपाणीच्या पुढं रस्ता उखडलाय. संकेश्वरच्या चहावाल्यानं दूध पातळ केलंय. घाटातल्या हॉटेलातला म्हातारा विचारत होता, तुमचा थोरला कसा आहे, त्याला अजून कांदा जास्त लागतो का. जेवढं मावलं तेवढं लिहिलं, आणि दोरीवर टाकलं.

आण्णांनी फडकं काढलं. उन्हात धरलं. उलटं धरलं. हुंगलं. "चंद्रे, ही काय ग्यानेसरी लिवलीया? एवढं मोठं गाव कुठलं?"

मी चंद्रीच्या आड उभी राहिले आणि वाचून दाखवलं. आवाज फुटेना, दोनदा अडखळले. म्हाताऱ्याच्या कांद्यापाशी आले तेव्हा आण्णा म्हणाले, "चंद्रे, परत वाचाय सांग." परत वाचलं. "जिवंत हाय बेणं," असं म्हणून त्यांनी फडक्याची चार पदरी घडी केली आणि बंडीच्या खिशात घातली.

मग तेच सुरू झालं. दर खेपेला मी मालकांना पिळायची, फडक्यावर उतरवायची, आणि म्हशीआडून वाचायची. पांढरं कापड घरात परत टिकेनासं झालं. पण आता ते मीच फाडत होते, त्यामुळे ओरडायचं कुणावर, हा प्रश्नच होता.

ह्यात वर्ष गेलं. एका सकाळी चंद्रीला मालकांनी जनावरांच्या दवाखान्यात नेलं होतं. आण्णा त्या महिन्याचं, हिशेबानं शेवटचं, पांढरं गाठोडं हातात घेऊन आतून आले. बोलायला तोंड उघडलं आणि खुंट्याकडे बघितलं. खुंटा मोकळा. दावं जमिनीवर पडलेलं.  एकदा खुंट्याकडे, एकदा देवळीकडे बघितलं, गाठोडं ह्या हातातून त्या हातात घेतलं. वीस वर्षं घाट चढलेला माणूस, पण त्याला सोप्यातून माझ्या दारापर्यंत एक वाक्य आणता येईना.

मी परातीतलं पीठ सोडलं. हात पुसले, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि उंबऱ्याच्या बाहेर आले. आण्णांच्या समोर, लग्नानंतर पहिल्यांदाच. गाठोडं त्यांच्या हातातून घेतलं, सोडलं, त्यांच्या देखत मोजलं.

"आण्णा," मी म्हणाले, "फिटले. सगळे पैसे फिटले."